स्वखर्चानें ग्रंथप्रकाशन

निवृत्तीनंतर आपल्या आठवणी ग्रंथरूपानें पाहाव्या, असें घरांतील वडील मंडळींस वाटणें स्वाभाविक आहे. हल्लीं जऊळक्यासारख्या लहान गावींही ‘पैसे भरा, पुस्तक काढून देतों’ ही जाहिरात मोबाइलवर येऊन पोंचते.

स्वतःच्या हिमतीवर ग्रंथ काढण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. अमरावतीस शिकलेल्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं ज्ञानकोशासाठीं नागपुरास कंपनी काढून भाग विकले आणि १९२० च्या दशकांत २३ खंड प्रसिद्ध केले. परंतु तेथें भागधारकांस लाभ व्हावयाचा तो खंड खपल्यावर. आजच्या पुष्कळ सेवांस तो लेखकाकडूनच, छपाईपूर्वीं, मिळून जातो; मग विक्रीची तळमळ त्यांस कां असावी? मेख येथेंच आहे.

म्हणून रक्कम देण्यापूर्वीं प्रती किती, मुद्रितें किती वेळां दाखविणार, विक्रीचा हिशेब केव्हां, उरलेल्या प्रती कोणाच्या, हें लेखी घ्यावें व पैसे हप्त्यांनीं द्यावे. १९५७ च्या कायद्यान्वयें स्वतःच्या ग्रंथाचा पहिला हक्कदार लेखकच. त्याच्या सहीच्या लेखाशिवाय तो हक्क दुसऱ्याकडे जात नाहीं. तेव्हां न वाचतां सही करूं नये. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या, राजा राममोहन रॉय यांच्या नांवाच्या संस्थेकडून विनामूल्य मिळतो; त्याचे दाम मागणारापासून सावध असावें. त्या सेवेनें पूर्वीं छापलेल्या दोन लेखकांचा अनुभवही विचारावा.

आयुष्याची पुंजी माळ्यावरील गठ्ठ्यांत अडकली, तर घरांत त्या ग्रंथाचें नांवही कोणी काढीत नाहीं. तो प्रसंग टाळणें तरुण मंडळींच्या हातीं आहे. करार आधीं त्यांनीं वाचावा.