घंटा दिसते कशी?

पोखर्णी हे नृसिंहाचं गाव, त्यामुळे तिथं वाढलेल्या पोराला नृसिंहाची गोष्ट कळत्या वयाआधीच पाठ असते. हिरण्यकशिपूला मरण ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना जमिनीवर ना आकाशात. म्हणून देवाने त्याला तिन्हीसांजेला उंबऱ्यावर, मांडीवर घेऊन फाडलं. मी वडिलांना विचारायचो, "दादा, मांडी जमिनीपासून वर असते. मग तिथं आकाशच नाही का? मेला की आकाशात!" दादा म्हणायचे, "देवापुढं वकिली करू नको."

पण माझी शंका अगदीच पोरकट नव्हती, हे पुढे विज्ञान शिकवायला लागल्यावर कळलं. आकाश नेमकं सुरू कुठून होतं, यावर जुन्या जगात दोन वेगळी मतं होती.

आपल्याकडे मृगाच्या तोंडावर शेतकरी म्हणतो, "आभाळ आलंय." आभाळ येतं नि जातं, कारण तो शब्दच मुळात ‘अभ्र’ म्हणजे ढग यावरून आला. आकाश मात्र कुठून येत नाही. ते रांजणात आहे, नाकपुडीत आहे, दोन बोटांच्या फटीत आहे. वेदान्तात त्याला घटाकाश म्हणतात: घागर फुटली की आतलं आकाश बाहेरच्या आकाशात मिसळलं असं आपण म्हणतो, पण मुळात ते वेगळं झालेलंच नसतं. तैत्तिरीय उपनिषदाच्या क्रमात आकाश पाचवं नव्हे, पहिलं. त्यातून वायू, वायूतून अग्नी, मग पाणी, मग पृथ्वी.

ग्रीकांचं उलट. ॲरिस्टॉटलचा युक्तिवाद साधा होता. दगड सरळ खाली पडतो, ज्वाळा सरळ वर जाते, तारे मात्र गोल फिरतात. ज्याची चालच वेगळी, त्याचा मालही वेगळा असणार. म्हणून चंद्रापासून वर सगळं एका पाचव्या, न झिजणाऱ्या, न बदलणाऱ्या द्रव्याचं. त्याला ईथर हे नाव पडलं. म्हणजे त्यांचं पाचवं तत्त्व आपल्यापासून लांब, वरच्या मजल्यावर, आपलं घागरीत. पुढे 1577 चा धूमकेतू चंद्राच्या पलीकडून जातोय हे टायको ब्राहेने मोजून दाखवलं आणि 1610 मध्ये गॅलिलिओने चंद्रावरचे डोंगर छापून प्रसिद्ध केले. वरच्या मजल्यावरही पडझड आणि खडबड निघाली.

दादा दासबोधाचे वाचक. त्याच्या आठव्या दशकात पंचमहाभूतांचं निरूपण आहे आणि ते ओसरीवर बसून मला गुणांचा हिशेब सांगायचे: आकाशाला एकच गुण, शब्द. वायूला शब्द आणि स्पर्श. असा एकेक वाढत पृथ्वीला पाचही. वैशेषिकांनी तर आकाश सिद्धच शब्दावरून केलं. आवाज आहे, म्हणजे तो कुणाचा तरी गुण असणार. माती, पाणी, तेज, वारा यांचा तो नव्हे. मग उरलं ते आकाश. चार्वाकांना हे पटलं नाही. डोळ्यांना दिसत नाही ते आम्ही मोजत नाही, असं म्हणून ते चार भूतांवर थांबले. मला चार्वाक आवडतात, पण या बाबतीत वैशेषिकांची तर्काची शिस्त जास्त भावते. उत्तर चुकलं म्हणून रीत चुकत नाही.

उत्तर चुकलं, हे मी दादांना शाळेत नेऊन दाखवलं. मास्तर होऊन वर्षही झालं नव्हतं, अंगात खुमखुमी होती. काचेची हंडी, आत विद्युत घंटा, खाली निर्वात पंप. पंपाचं वॉशर कायम गळकं, पण त्या दिवशी त्याने साथ दिली. हवा निघत गेली तसा घंटेचा आवाज बारीक होत होत विरला. आतली हातोडी मात्र वाटीवर आपटतच होती. मी विजयी चेहऱ्याने दादांकडे पाहिलं. शब्द हवेच्या आधाराने चालतो, आकाशाच्या नव्हे!

दादा बराच वेळ हंडीकडे बघत राहिले. "मग आकाशाकडं राहिलं काय?" मी काही बोललो नाही. मग म्हणाले, "मास्तर, आवाज हवेबरोबर गेला. घंटा दिसतीय कशी?"

एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे भौतिकशास्त्रज्ञ याच प्रश्नावर बसून होते. प्रकाश ही लाट आहे. लाट म्हणजे कशाची तरी लाट: पाण्याची, दोरीची, हवेची. मग सूर्यापासून इथपर्यंतच्या पोकळीत हलतं काय? त्यांनी जुनं नाव पुन्हा बाहेर काढलं, ईथर. सगळं विश्व त्याने भरलेलं आणि पृथ्वी त्यातून सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने पोहत चाललेली.

पोहत असेल तर धार लागली पाहिजे. गंगाखेडच्या घाटावर उभं राहून हे समजतं. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) दोन सारखेच पोहणारे घ्या, मिनिटाला 50 मीटर जाणारे, धार मिनिटाला 30 मीटर. एकाने 400 मीटरचं पात्र आडवं कापून परत यायचं, दुसऱ्याने 400 मीटर धारेबरोबर जाऊन उलट यायचं. पहिल्याला 20 मिनिटं लागतात, दुसऱ्याला 25. मुलं म्हणतात, जाताना मिळालं ते येताना गेलं, फिटंफाट. नाही फिटत. उलट्या धारेत माणूस जास्त वेळ अडकतो.

मायकेलसन आणि मोर्ली यांनी 1887 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला प्रकाशाचे असे दोन पोहणारे सोडले. पाऱ्यावर तरंगणारी जाडजूड फरशी, तिच्यावर आरसे. एक किरण दुभंगून काटकोनात धाडायचा, परत आणून जुळवायचा. फरशी हळूहळू फिरवत राहिले. जो फरक दिसायला हवा होता, त्याच्या विसाव्या भागाएवढाही दिसला नाही. धार नव्हतीच. 1905 मध्ये आइन्स्टाइनने ईथरची गरजच नाही म्हणून टाकलं.

प्रकरण इथे संपलं असं मी बरीच वर्षं शिकवलं. खरं तर 1920 मध्ये लायडनच्या भाषणात त्याच आइन्स्टाइनने वेगळा सूर लावला होता: ज्याला वेग लावता येईल असं द्रव्य नाही, पण अवकाश अगदी निर्गुणही नाही. ते वाकतं. त्यात लाटा उठतात. आता तर विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने घडवणाऱ्या एका कल्पित गोष्टीला शास्त्रज्ञ 1998 पासून ‘क्विंटएसेन्स’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाचवं सत्त्व. नावं टाकून देणं शास्त्रज्ञांनाही जमत नाही.

आणि ती अवकाशाची लाट मोजायचं यंत्र आमच्या शेजारी, औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. 1999 पर्यंत हिंगोली आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं, म्हणून ‘आमचं’ म्हणायचा हक्क मी सोडत नाही. ‘लायगो-इंडिया’ला केंद्राने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी मंजूर केले. गंमत ही, की यंत्र मायकेलसनचंच आहे. तोच दुभंगलेला किरण, तेच काटकोनातले आरसे, फक्त एकेक हात 4 किलोमीटरचा. ज्या हत्याराने ईथर पुसला, त्याच हत्याराने 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेत अवकाश थरथरताना पकडलं गेलं. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, एक अब्जाहून जास्त प्रकाशवर्षं दूर. आपल्या ऋषींना हे ठाऊक होतं, असं कुणी म्हणू लागलं की मी पाणी प्यायला उठतो. दादा मात्र तसं म्हणाले नसते. त्यांनी विचारलं असतं, हललं काय?

त्या लांबलचक नळ्यांमधली हवा उपसून टाकावी लागते. अमेरिकेतल्या यंत्रात तिचा दाब बाहेरच्या हवेच्या लाख कोटीव्या भागाइतका खाली आणलेला आहे. माझ्या हंडीची तेवढी ऐपत नव्हती. दादा आले त्या दिवसासारखं वॉशर पुन्हा कधी बसलं नाही. एरवी तारांमधून आणि उरल्यासुरल्या हवेतून घंटा बारीक किणकिणतच राहायची. पुढच्या बाकावरची मुलं कान लावून म्हणायची, "सर, येतोय अजून." आणि मी वहीत लिहायला सांगायचो: आवाज बंद झाला.