गोड मक्याची कणसे : तोडणी, निवड, शिजविणे व साठवण

मक्याचे पीक आपल्या शेतकऱ्यांस नवीन नाही. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजलेले कणीस खाल्ले नाही असे घर खेड्यात क्वचितच सापडेल. परंतु बाजारात ज्यास ‘स्वीट कॉर्न’ म्हणतात, तो गोड मका नेहमीच्या मक्याहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळा आहे. हे निराळेपण ध्यानात न घेतल्यामुळे पिकविणाराचे आणि खाणाराचे, दोघांचेही नुकसान होते. नेहमीचा मका हे धान्य होय. वाळवून पोत्यात भरले म्हणजे ते महिनोन् महिने टिकते. गोड मका ही वस्तुतः भाजी आहे. तिची किंमत दाण्यातील साखरेत व कोवळेपणात असते, आणि कणीस ताटावरून मोडल्या क्षणापासून ही साखर कमी होऊ लागते. म्हणून या पिकाच्या बाबतीत तोडणीनंतरचे पहिले काही तास हे मशागतीच्या तीन महिन्यांइतकेच मोलाचे समजले पाहिजेत.

असे का होते, हे थोडक्यात पाहू. मक्याच्या पानांत तयार झालेली साखर दाण्यात येऊन पोहोचते आणि तेथे तिचे पिष्ट, म्हणजे पिठूळ द्रव्य, बनते. साध्या मक्यात हे काम झपाट्याने होते. गोड मक्यात आनुवंशिक गुणातील फरकामुळे ते मंदावलेले असते, त्यामुळे दुधाळ दाण्यात साखर शिल्लक राहते. मंदावलेले असते, बंद पडलेले नसते. जुन्या पद्धतीच्या गोड मक्याची कणसे तोडल्यानंतर सुमारे ३० अंश सेल्सिअस उष्णतेत राहिली, तर एका दिवसात त्यांतील ६० टक्क्यांपर्यंत साखर नाहीशी होऊ शकते; तीच कणसे शून्य अंशाजवळ ठेवली, तर हा तोटा ६ टक्क्यांच्या आसपास राहतो. १९५३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी दाणा सुरकुतणाऱ्या एका निराळ्या मक्यातील अधिक गोडीकडे लक्ष वेधले व त्यातून पुढे ‘अतिगोड’ संकरित वाण निघाले. या वाणांत आरंभीच साखर जास्त असते व ती सावकाश घटते. मात्र त्यांच्या दाण्यातील पाणी आटणे व साल निबर होणे हे टळत नाही. अतिगोड वाण लावला म्हणजे तोडणीत दिरंगाई चालेल, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. ती चुकीची आहे.

तोडणी केव्हा व कशी करावी

कणसाचे केस बाहेर पडल्यापासून साधारणतः १८ ते २२ दिवसांनी कणीस तोडणीस येते. उन्हाळ्यात हा काळ कमी होतो, थंडीत लांबतो. म्हणून निव्वळ दिवस मोजून चालत नाही. केस तपकिरी होऊन वाळले आहेत, कणसावरची पाने मात्र हिरवीगार आहेत, आणि टोकापाशी बोटांनी चाचपले असता दाणे भरल्याचे जाणवते, अशी कणसे तयार समजावीत. खात्री करण्यासाठी शेताच्या निरनिराळ्या भागांतील दोन-चार कणसे सोलून दाण्यावर नख दाबावे. पांढरा दुधासारखा रस उडाला तर वेळ झाली. नितळ पाणी निघाले तर अजून थांबावे. रसाऐवजी लापशीसारखा चीक आला तर वेळ निघून गेली. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे की, अतिगोड वाणांचा रस भरलेल्या दाण्यातही काहीसा पातळच असतो. तो जुन्या वाणाप्रमाणे दाट होण्याची वाट पाहत बसल्यास कणीस हातचे जाते. गरम हवेत योग्य अवस्था चार-पाच दिवसांहून अधिक टिकत नाही. एकदम सगळे क्षेत्र न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकडे पेरण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो. परंतु शेजारी साधा मका असेल तर त्याचाही विचार करावा. साध्या मक्याचा पराग गोड मक्याच्या केसांवर पडला, तर त्याच कणसात पिठूळ, बेचव दाणे भरतात. हा परिणाम पुढच्या पिढीत नव्हे, त्याच हंगामात दिसतो. दोन्हींच्या तुऱ्याची वेळ एक येणार नाही अशा बेताने पेरणीत निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, किंवा शेते एकमेकांपासून पुष्कळ दूर असावीत.

तोडणी भल्या पहाटे करावी. रात्रभर कणीस थंड झालेले असते आणि ती थंडी फुकट मिळते. दुपारी तोडलेल्या कणसात दिवसभराची उष्णता साठलेली असते. त्यात दाणे जिवंत असून श्वसन करीत असतात व स्वतःही उष्णता निर्माण करतात. अशी कणसे गोणीत ठासून भरून रात्रभर वाहनात ठेवली, तर सकाळी गोणीत हात घातला असता आतील ऊब हाताला लागते. ती ऊब म्हणजे जळालेली साखर होय. गोणीऐवजी हवा खेळणाऱ्या करंड्या वापराव्यात, ढीग सावलीत व उथळ ठेवावा, पाने काढू नयेत. दांडा मात्र आखूड कापावा, कारण लांब दांडा व मोकळी पाने दाण्यातील ओलावा ओढून घेतात. जवळ स्वच्छ थंड पाणी असेल तर कणसे त्यात बुडवून निथळून घेतल्यास उष्णता चटकन उतरते.

भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेला विटांच्या दुहेरी भिंतीचा व मध्ये ओली वाळू असलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष पुष्कळांनी पाहिला असेल. उन्हाळी पिकाची कणसे दिवसभर थंड ठेवण्यास तो चांगला उपयोगी पडतो. पावसाळ्यात मात्र हवाच दमट असल्यामुळे वाळूतील पाण्याचे बाष्पीभवन होत नाही व कक्ष फारसा थंड राहत नाही. खरीप पिकासाठी त्यावर भिस्त न ठेवता, आज तोडलेला माल आजच विकला जाईल इतकीच तोडणी करणे बरे.

अळी व फवारणी

लष्करी अळीची अमेरिकेतील जात २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळली व त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. तेव्हापासून मक्यावरील फवारण्या वाढल्या आहेत. गोड मका कोवळा असतानाच माणसाच्या पोटात जातो, धान्याप्रमाणे महिना-दीड महिना ताटावर वाळत नाही. म्हणून फवारणी व तोडणी यांत किती दिवस गेले पाहिजेत, हे औषधाच्या वेष्टनावर पाहून तितके दिवस काटेकोरपणे सोडावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक भेटीत विचारावी. कणसाच्या शेंड्यास एखादी अळी निघाली तर तेवढा भाग कापून टाकला की बाकीचे कणीस खाण्यास हरकत नाही. गिऱ्हाइकास हे समजावून सांगितल्यास शेवटच्या दिवसांतील नको त्या फवारण्या टळतील.

विकत घेताना

विकत घेणाराने प्रथम दांड्याची कापलेली बाजू पाहावी. ती ओली व फिकट असेल तर कणीस ताजे. सुकून तपकिरी झाली असेल तर एक-दोन दिवसांचे. पाने घट्ट लपेटलेली व हिरवी असावीत. केसांचे बाहेरचे टोक वाळलेले असावे, पण आत ते चिकट, काळे किंवा आंबूस वासाचे नसावेत. दाणे भरले आहेत की नाही हे पानांवरूनच चाचपता येते. सगळे कणीस सोलून पाहून ते परत ठेवून देणे बरे नव्हे, कारण सोललेले कणीस पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत वाळते. सोलून, पातळ कागदात गुंडाळून ठेवलेली कणसे दिसण्यात सुबक असतात. ती थंडीत ठेवली असतील तरच घ्यावीत. उन्हात मांडलेली घेऊ नयेत.

शिजविणे

अमेरिकेतील शेतकरी घरांत असे सांगतात की, आधी चुलीवर पाणी उकळत ठेवावे आणि मगच शेतात कणीस मोडण्यास जावे. यातील अतिशयोक्ती सोडली तरी धोरण योग्य आहे. साधे कणीस उकडण्यास आपण अर्धा तास घेतो. गोड मक्यास तितका वेळ दिला तर दाणे चिवट होतात आणि गोडी पाण्यात उतरते. पाणी खळखळून उकळले म्हणजे सोललेली कणसे त्यात सोडावीत व पाच-सात मिनिटांत बाहेर काढावीत. मीठ, लिंबू, तिखट वरून लावावे. कुकरात तीन-चार शिट्ट्या करण्याची सवय येथे सोडून द्यावी.

निखाऱ्यावर भाजण्यास मात्र आपला देशी मकाच सरस, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गोड दाण्यात पाणी फार व पीठ थोडे असल्यामुळे तो आगीवर आक्रसतो. भाजायचेच असेल तर आतील दोन-तीन पाने ठेवून, कणीस पाण्यात भिजवून मंद निखाऱ्यात घालावे. इंदूरकडील मराठी घरांत होणारा भुट्ट्याचा कीस गोड मक्याचाही करता येतो. कणीस किसणीवर किसून तुपात हिंग, मोहरी व हिरवी मिरची यांच्या फोडणीवर परतावे. देशी मक्यास लागते त्याच्या निम्मेही दूध घालू नये, आणि साखर मुळीच नको. मिरची व लिंबू थोडे सढळ हाताने वापरावे.

साठवण

सगळ्यांत चांगली साठवण म्हणजे न साठविणे. घरी शीतकपाट असेल तर कणसे पानांसहित, पिशवीत घालून ठेवावीत व दोन-तीन दिवसांत संपवावीत. अधिक काळ ठेवावयाची असल्यास ती गोठवावी लागतात. त्यासाठी कणसे उकळत्या पाण्यात चार मिनिटे धरून लगेच बर्फाच्या पाण्यात थंड करावीत, निथळावीत, आणि सुरीने दाण्याचा वरचा दोन-तृतीयांश भाग कापून पिशव्यांत भरावा. उकळण्याचा हेतू दाणे शिजविण्याचा नसून, रंग व चव बिघडविणारी दाण्यातील विकरे निकामी करण्याचा आहे. ही पायरी गाळल्यास गोठविलेला मका काही आठवड्यांतच कडवट वासाचा होतो. उणे १८ अंशांवर असे दाणे आठ महिने ते वर्षभर चांगले राहतात. साध्या शीतकपाटातील बर्फाच्या कप्प्यात इतकी थंडी नसते. तेथील माल लवकर वापरावा.

विजेचा भरवसा नसेल तेथे दाणे वाळविणे हा मार्ग आहे. वरीलप्रमाणेच कणसे उकळून दाणे कापावेत, स्वच्छ कापडावर एक थर पसरावेत, वरून पातळ फडके घालावे व रात्री घरात घ्यावेत. दाणे सुरकुतून कडक झाले व ठोकले असता फुटू लागले म्हणजे घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. भाजीस वापरताना काही तास भिजत घालावेत. हे काम कडक उन्हातच करावे. ढगाळ हवेत दाण्यांवर बुरशी धरते, आणि बुरशी आलेला मका माणसास किंवा जनावरास घालू नये.

बाटल्यांत किंवा बरण्यांत पाण्यासह दाणे भरून, नुसत्या उकळत्या पाण्यात त्या ठेवून साठविण्याचा प्रयोग घरी कोणीही करू नये. मक्यात आंबटपणा नसल्यामुळे हवाबंद बरणीत बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. साध्या उकळण्याने त्यांचे बीजाणू मरत नाहीत. त्यांस दाबाखालील अधिक उष्णता लागते. या जंतूंच्या विषाने माणूस दगावतो, आणि बरणीतील मका पाहून किंवा हुंगून ते ओळखता येईलच असे नाही. महिला मंडळांच्या वर्गात लोणची व मुरंबे शिकविले जातात, तेथे हा फरक मुद्दाम सांगावा.

कणसे काढल्यावर ताटे हिरवीच असतात. ती उभी वाळू न देता लगेच कापून कुट्टी करून जनावरांस घालावीत, किंवा मुरघासासाठी खड्ड्यात दाबावीत. सोललेली पानेही वैरणीत चालतात. फवारणीनंतरचे दिवस येथेही मोजावेत.