उलट्या क्रमाने वाचावयाची पुस्तिका

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४० च्या ऑक्टोबर महिन्यात, लोकांचा चैनीचा खर्च आवरावा आणि सरकारी तिजोरीत भर पडावी अशा दुहेरी हेतूने इंग्लंडच्या सरकारने जो खरेदी-कर अमलात आणला, त्याच्या कलमांचा मसुदा करणाऱ्या अंमलदारांना आपल्या लेखणीतून मोटारीची एक नवी जात जन्मास येत आहे याची पुसटशीही कल्पना नसावी. युद्ध संपले, शिधापत्रिकाही यथावकाश गेल्या. कर मात्र राहिला, आणि १९५५ साली मोटारींवरील त्याचा दर शेकडा ६० पर्यंत जाऊन पोहोचला. तयार मोटार घेणाऱ्याने हा भार उचलावा हे उघडच होते. परंतु चाके, नळ्या, पत्रे, दिवे, तारा आणि नटबोल्ट यांच्या पेट्या घेऊन घरी जाणाऱ्या इसमाने मोटार खरेदी केली असे म्हणावे काय? कायद्याचे उत्तर नकारार्थी होते, आणि त्या नकाराच्या आश्रयाने, घराच्या गॅरेजमध्ये स्वहस्ते जोडावयाच्या स्पोर्ट्स कारचा जो उद्योग इंग्लंडात फोफावला, त्यातील सर्वांत नामांकित आणि सर्वांत दीर्घायुषी अपत्य म्हणजे १९५७ साली बाजारात आलेली लोटस सेव्हन ही मोटार होय.

या सवलतीला एक शेपूट होते. सुटे भाग विकताना ते जोडावे कसे याच्या सूचना विक्रेत्याने देऊ नयेत, असा निर्बंध होता. कारण सूचना दिल्या की ती मोटारच विकल्यासारखी झाली. मात्र मोटार सुटी कशी करावी याविषयी नियमात अवाक्षरही नव्हते. तेव्हा पेट्यांबरोबर मोटार खोलण्याच्या सूचना धाडल्या जाऊ लागल्या, आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटच्या कलमापासून पहिल्यापर्यंत वाचीत जावे म्हणजे संध्याकाळच्या सुमारास काहीतरी उभे राहील, अशी सोय झाली. पेशवे दफ्तरातील एखाद्या मुरलेल्या कारकुनालाही या युक्तीचे कौतुक वाटले असते. फरक किती पडे म्हणाल, तर करासह तयार सेव्हनची किंमत १,०३६ पौंड होती आणि तीच सुट्या भागांच्या रूपाने ५३६ पौंडांना मिळे. बेताच्या पगारात राहूनही रविवारच्या शर्यतीची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणाला हा हिशेब कोणी समजावून सांगावा लागला नाही.

सुट्या भागांची मोटार ही वस्तू मुंबईकरांना तशी अपरिचित नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीस जो कारखाना काढला त्यात परदेशातून आलेले भागच जोडले जात, आणि वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्याचा आरंभही अशाच जोडकामाने झाला. परंतु ते जोडकाम मोठ्या छपराखाली, मुकादमाच्या देखरेखीखाली, पगारी कामगार करीत. इंग्लंडातील प्रकार निराळा होता: तिथे ज्याला मोटार चालवावयाची होती, त्यालाच ती आधी बांधावी लागे.

हा मार्ग ज्याने राजमार्ग केला, तो कॉलिन चॅपमन स्वतः गॅरेजातच घडलेला होता. त्याचा जन्म १९२८ चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो बांधकामाचे अभियांत्रिकी शास्त्र शिकत असताना, त्याच्या मैत्रिणीच्या (पुढे जी त्याची पत्नी झाली त्या हेझलच्या) आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये, एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर त्याने १९४८ साली आपली पहिली मोटार रचली. त्याच हेझलने उसने दिलेल्या २५ पौंडांवर १९५२ साली लोटस कंपनीची स्थापना झाली, आणि तिचे पहिले ठाणे म्हणजे त्याच्या वडिलांच्या हॉर्न्सी येथील रेल्वे हॉटेलच्या पाठीमागचे तबेले होते. कंपनीला कमळाचे नाव का दिले, हे चॅपमनने जगाला कधी उलगडून सांगितले नाही. पुढे याच कंपनीच्या गाडीतून जिम क्लार्कने १९६३ आणि १९६५ साली फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळविले, तो इतिहास सर्वश्रुत आहे, आणि आपल्याला त्याचे येथे प्रयोजनही नाही.

प्रयोजन आहे ते चॅपमनच्या शिक्षणाचे. पूल, छपरे आणि मनोरे यांचे गणित शिकलेल्या या माणसाने मोटारीच्या सांगाड्याकडे लोहाराच्या नजरेने न पाहता इमारतीचे आराखडे काढणाऱ्याच्या नजरेने पाहिले. छपराची कैची ज्या तत्त्वावर भार पेलते, त्याच तत्त्वावर बारीक पोलादी नळ्यांचे त्रिकोण एकमेकांत गुंतवून त्याने पिंजरा उभारला आणि त्यावर अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे रिबिटांनी असे बसविले की, ते नुसते आवरण न राहता सांगाड्याचा ताण वाहू लागले. परिणामी सेव्हनचे वजन सुमारे ५०० किलो, म्हणजे आपल्या अँबॅसडरच्या निम्म्याहूनही कमी भरले. आणि मग फोर्डच्या साध्या कौटुंबिक मोटारीतील ११७२ घनसेंटिमीटरच्या, जेमतेम ४० अश्वशक्तीच्या इंजिनालाही तिला हुशारीने पळविता आले. बाकीचे साहित्यही असेच चार घरांतून मागून आणलेले होते. दुसऱ्या आवृत्तीत स्टिअरिंगचे यंत्र आले ते ट्रायम्फ हेराल्डचे, म्हणजे पुढे मद्रासेत बनून आपल्या रस्त्यांवर फिरलेल्या स्टँडर्ड हेराल्डच्या सख्ख्या बहिणीचे. या मोटारीला धड दरवाजे नाहीत, छप्पर म्हणजे पावसाची समजूत घालण्यासाठी ताणलेले एक कापड, आणि बैठक इतकी खाली की बसल्या जागेवरून हात लांबविला तर रस्ता हाताला लागावा. सुखसोयींच्या दृष्टीने पाहिले तर हिच्यापेक्षा आपली रिक्षा बरी. पण ज्याने ती एकदा वळणावर फिरविली आहे, तो अशी तुलना ऐकून घेत नाही.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे गॅरेजकडे वळू. इंग्रजी घराच्या कुशीत असलेली ही खोली बहुधा एका मोटारीपुरतीच असते, हिवाळ्यात तिथे बोटे आखडतात, आणि वर्षानुवर्षांची अडगळ बाहेर काढल्याखेरीज कामाला आरंभच होत नाही. आजकाल सेव्हनचा संच येतो तो पत्रे मढवून तयार झालेला सांगाडा आणि त्यासोबत पेट्यांची एक उतरंड अशा स्वरूपात. पहिली संध्याकाळ पान्ह्याला हात न लावताच जाते; यादीबरहुकूम एकेक पुडी उघडावयाची, मोजदाद करावयाची, आणि कोणता बोल्ट कोणाचा सोबती हे ठरवून निरनिराळ्या डब्यांत लावून ठेवावयाचे. कारखानदारांच्या मते सारे काम ८० ते १०० तासांचे आहे. तो हिशेब सराईत हातांचा समजावा. नवख्याचे निम्मे तास जमिनीवर घरंगळलेला वायसर शोधण्यातच खर्ची पडत असावेत.

हातोडी आणि पान्हा यांच्याशी प्रस्तुत लेखकाचा संबंध सायकलचे पंक्चर काढण्यापलीकडे गेलेला नाही. तरीही ज्यांनी हे काम केले आहे त्यांच्या कैफियती वाचताना एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. ती ही की, धास्ती वाटते ती अवघड दिसणाऱ्या कामांची, पण घाम काढतात ती सोपी दिसणारी. मागील चाकांना शक्ती वाटून देणारा डिफरन्शियलचा जड गोळा सांगाड्याच्या दोन कानांमध्ये खालून उचलून धरावयाचा आणि तो बरोबर मध्यावर यावा म्हणून दोन्ही बाजूंस वायसर सरकवीत बसावयाचे, हे पुस्तिकेतील दोन ओळींचे काम उताण्या पडलेल्या माणसाची एक अख्खी दुपार घेते. याउलट इंजिन बसविण्याचा दिवस सणासारखा उगवतो. भाड्याने आणलेल्या उचलयंत्राच्या साखळीला इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने टांगतात. रंग खरवडू नये म्हणून सांगाड्याच्या कडांना जुन्या चादरी बांधतात. आणि शेपटी खाली, तोंड वर अशा तिरक्या अवस्थेत ते धूड बोटभर, पुन्हा बोटभर असे खाली उतरू लागले की शेजारीपाजारी सल्ला देण्यास जमतात. ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढणे हे दोघांचे काम आहे. एकाने आत बसून पायटा दाबावयाचा आणि दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू सैल करावयाचा. आतली जागा बहुधा पत्नीकडे जाते, आणि मोटारीविषयी तिची खरी मते काय आहेत हे पतीला त्याच सुमारास कळते.

शहाणा माणूस प्रत्येक नट ठरलेल्या जोराने आवळल्यावर त्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर स्टिअरिंगचा तो नट आपण आवळला की नाही, अशी शंका आली, तर विजेरी घेऊन खाली जावे आणि रेघ पाहून यावे. दुकानातून विकत घेतलेल्या मोटारीच्या मालकाला ही शंका कधी येत नाही, तशी ती आपल्या वाहनाशी जडणारी ओळखही त्याच्या वाट्याला येत नाही. इंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वी प्लग काढून ते नुसतेच फिरवितात, तेलाचा दाब दर्शविणारा काटा हलेपर्यंत. मग प्लग बसवून किल्ली फिरवावयाची. महिनोन्‌महिने ज्या खोलीत पान्ह्याच्या टकटकीखेरीज आवाज नव्हता, ती खोली मग एकाएकी गरजू लागते.

१ एप्रिल १९७३ रोजी खरेदी-कर रद्द होऊन त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला, सुट्या भागांची सवलत संपली, आणि गणितावर जन्मलेली ही मोटार गणितानेच मरावयास हवी होती. मोठ्या व महागड्या मोटारींकडे वळलेल्या चॅपमनने त्याच वर्षी सेव्हनचे हक्क सरे परगण्यातील केटरहॅम येथील विक्रेत्यांस, म्हणजे ग्रॅहॅम नर्न यांच्या पेढीस देऊन टाकले. नर्न यांनी चौथ्या आवृत्तीचे फायबरचे अंग लवकरच बाजूस सारून १९७४ साली तिसरी, म्हणजे जुन्या अॅल्युमिनियमच्या अंगाची आवृत्ती पुन्हा सुरू केली. आणि करात एक पैचीही बचत नसताना लोक सुट्या पेट्या मागतच राहिले. पॅट्रिक मॅगूहनच्या ‘द प्रिझनर’ या १९६७ च्या दूरदर्शन मालिकेच्या प्रारंभी नायक हीच मोटार चालवीत येतो, त्याचाही या लोकप्रियतेस थोडा हातभार लागला असेल. परंतु गॅरेजातील त्या संध्याकाळींची चटक हेच खरे कारण असावे, असे मला वाटते. आज नर्न यांची ती पेढी जपानच्या व्हीटी होल्डिंग्ज यांच्या मालकीची आहे, आणि तिच्या सर्वांत हलक्या मोटारीत, जिचे वजन अवघे ४४० किलो आहे, मारुतीमुळे आपल्या घरोघरी पोहोचलेल्या सुझुकीचे ६६० घनसेंटिमीटरचे तीन नळकांड्यांचे इंजिन बसते.

ज्यांना संचही परवडत नाही त्यांच्यासाठी १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे एक पुस्तक निघाले, आणि अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असे त्याच्या नावातच सांगितले होते. मोडीत निघालेली फोर्ड एस्कॉर्ट आणावी, तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस काढून घ्यावा, चौकोनी पोलादी नळ्या करवतीने कापाव्यात, लाकडी फळ्यांवर पूर्णाकृती आराखडा आखून त्यावर त्या मांडाव्यात, आधी नुसते ठिपके देऊन जोडाव्यात आणि सांगाडा वाकडा होत नाही अशी खात्री पटल्यावरच पुरते वेल्डिंग करावे, असा तो शिरस्ता. अडीचशे पौंडांत कितीजणांचे भागले, हे ज्याचे त्याने आपल्या पत्नीस सांगितले असेल तेच खरे धरावे.

बांधलेली मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी तिची सरकारी तपासणी होते. १९९८ पासून एका, आणि २००९ पासून दुसऱ्या नावाने चालत आलेली ही पद्धत एकेका मोटारीची स्वतंत्र परीक्षा घेते, आणि तपासनीस दिवे, ब्रेक, धूर, आवाज व आरसे पाहून थांबत नाही. १०० मिलिमीटर व्यासाचा एक गोळा तो मोटारीच्या बाह्यांगावरून फिरवितो, आणि गोळा जिथे जिथे टेकेल तिथली कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोल नसेल तर मोटार नापास ठरवितो. यास्तव परीक्षेच्या आदल्या रात्री नटांवर रबरी टोप्या आणि पत्र्यांच्या कडांवर रबरी पट्ट्या चढतात, आणि दाखला हाती पडल्यावर त्यांतील पुष्कळशा उतरतात. आपल्याकडे पासिंगपुरते रिफ्लेक्टर चिकटविणाऱ्या ट्रकवाल्यांना हे ऐकून परदेशी गेल्यासारखे वाटणार नाही. ज्या मोटारीचे वय वा कूळ ठरविता येत नाही, तिच्या क्रमांकाचा आरंभ ‘क्यू’ या अक्षराने होतो, आणि मालक ते अक्षर मिरवितात की लपवितात हे त्या त्या मालकाच्या स्वभावावर अवलंबून असते.

आपल्याकडे मात्र हे दार बंदच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम नोंदलेल्या वाहनात मूळ स्वरूपाबाहेरचे फेरफार करण्यास मनाई करते, आणि केंद्रीय नियमावलीच्या १२६ व्या नियमान्वये वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हजारो मोटारी बनविणाऱ्या कारखान्यास हा खर्च जाणवत नाही, एकच मोटार बांधणाऱ्यास तो झेपत नाही. दरवर्षी महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुले बाहा स्पर्धेसाठी नळ्या कापून, वेल्डिंग करून, दहा अश्वशक्तीचे इंजिन बसवून स्वतःची वाहने बांधतात आणि मध्य प्रदेशात पिथमपूरला जाऊन ती चिखलातून, खाचखळग्यांतून पळवून दाखवितात. ती वाहने जातात ट्रकवर चढून आणि परततातही ट्रकवर चढूनच. परिवहन खात्याने एकेका मोटारीच्या स्वतंत्र तपासणीची तरतूद आपल्या नियमावलीत करावी, फी घसघशीत लावावी, आणि तो १०० मिलिमीटरचा गोळाही खुशाल फिरवावा. पुण्याच्या संस्थेत तपासणीची यंत्रे १९६६ पासून जमत आलेलीच आहेत.