दवाखाना आपला, मग हिशेब कुणी विचारायचा?



काट्यावर गाडी लागली की पावतीवरचे वजन आपण दोनदा वाचतो. वार्षिक सभेत अहवालातला एकेक आकडा विचारतो. पण गावच्या सरकारी दवाखान्याला पैसा कुठून येतो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? औषध नाही म्हटले की गाडी करायची, खाजगीत जायचे आणि उसाच्या बिलातून देणे फेडायचे, ही आपली रीत. म्हणून हा विषय येथे थोडक्यात मांडत आहोत.

दवाखाना कुणाचा? १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र त्यांच्याकडे असते. ग्रामीण रुग्णालये आणि अकलूजचे उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाच्या आरोग्य विभागाचे. त्यांचा कारभार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. आरोग्य केंद्राची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावी. चुकीच्या दारात दिलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

किती असावेत? सपाट भागात ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांना एक ग्रामीण रुग्णालय, असे प्रमाण ठरलेले आहे. २०११ च्या जनगणनेत माळशिरस तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८५ हजार होती. म्हणजे ढोबळ मानाने ९७ उपकेंद्रे, १६ आरोग्य केंद्रे आणि ४ ग्रामीण रुग्णालये इतकी आपली गरज. प्रत्यक्षात किती आहेत, त्यातली किती पदे भरलेली आहेत, हे पंचायत समितीत जाऊन विचारता येते.

पैसा कसा येतो? कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः राज्याच्या अनुदानातून होतात. त्याशिवाय २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून निधी येतो. आता त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. त्यातला काही भाग केंद्राच्या हाती मोकळा दिलेला असतो. पाण्याची मोटार जळाली, खाट मोडली, तातडीने औषध हवे, अशा कामांसाठी तो असतो. आरोग्य केंद्रात तो खर्चायला रुग्ण कल्याण समिती असते, गावात ग्राम आरोग्य समिती असते. बैठकच झाली नाही तर पैसा खात्यात पडून राहतो आणि मोटार बंदच राहते.

मुळात पैसा कमी, हेही खरे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवले होते की देशाच्या उत्पन्नातल्या दर १०० रुपयांतले अडीच रुपये सरकारांनी आरोग्यावर खर्चावेत, तेही २०२५ पर्यंत. २०२१-२२ साली हा आकडा १ रुपया ८४ पैसे होता. त्याच वर्षी देशात आरोग्यावर झालेल्या दर १०० रुपयांतले ३९ रुपये लोकांनी खिशातून भरले.

मोजणीत कोण राहिले? आता आपल्या घरची गोष्ट. दिवाळी झाली की बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या आपल्या फडात उतरतात. आरोग्य केंद्राचा हिशेब मात्र जनगणनेवरून होतो आणि पुरी झालेली शेवटची जनगणना २०११ ची. कोप्यांवरची माणसे अशा हिशेबातून सहज सुटू शकतात. रात्री फडावर बाईला कळा लागल्या की मुकादम जीप करतो, खाजगीत पैसे भरतो आणि त्या जोडप्याच्या अंगावर उचल चढते. वास्तविक २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे, शस्त्रक्रिया करावी लागली तरी. त्यासाठी ती बाई आपल्या तालुक्याची असण्याची गरज नाही. १०८ ची गाडीही फुकट येते. हे त्यांना सांगणार कोण? ज्याचा ऊस तुटतोय त्यानेच.

कुणी म्हणेल, आता ५ लाखांचे कार्ड आहे की. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली, ही चांगलीच गोष्ट. पण ती ठरावीक आजारांना, नेमलेल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. रात्री दारे धरताना पायाला साप चावला तर कार्ड कामाचे नाही; जवळच्या केंद्रात लस आणि ती टोचणारा माणूस हवा. सोलापूरचे सिव्हिल इथून शंभरावर किलोमीटर.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. आपल्या आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती आणि भरलेली किती? गेल्या वर्षी निधी किती आला आणि खर्च किती झाला? सर्पदंशाची लस आज शिल्लक आहे का? उत्तर लेखी मागावे. हंगाम सुरू होताच आपल्या शिवारातल्या टोळीत गरोदर बाया व लहान पोरे किती, याची यादी आशाताईंकडे पोचवावी. लसीकरण आणि तपासणी तिथूनच सुरू होते.

वजनकाट्यापाशी आपण गप्प बसत नाही. दवाखान्यापाशीही बसू नये, एवढेच आमचे सांगणे.