पडद्यावरची तपासणी

शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांचे निकाल ज्या मुंबई विद्यापीठाच्या दप्तरातून निघतात, त्याने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा हुकूम काढला. परंतु पूर्वतयारी अपुरी राहिल्याने निकाल रखडले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदमुक्त केले. दोष यंत्राचा कमी, उतावीळ अंमलबजावणीचा अधिक, असे आमचे मत.

यंत्राला मर्यादा मात्र आहेतच: वाङ्मयचौर्य शोधणारी प्रणाली शब्दसमूहांचे साम्य मोजते, लेखकाचा हेतू जाणत नाही. म्हणूनच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी, अवतरणे व संदर्भसूची वगळून, १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त ठेवले. गाइडातून हाताने उतरवलेली वही मात्र या प्रणालीच्या कक्षेत सहसा येत नाही. दोन वह्यांत एकच अशुद्ध शब्द एकाच ओळीत आढळला, की प्राध्यापकच काय ते ओळखतात.