विश्लेषण : अँटिबायोटिकनंतरचा थकवा पोटॅशियममुळे तर नाही?

ताप उतरला, तरी पायांत गोळे येतात, जिना चढवत नाही. घरचे म्हणतात, आजारपणाचा अशक्तपणा. बहुतेकदा तेच खरे असते. पण कधी कधी रक्तातले पोटॅशियम घटलेले असते.

ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असावे लागते. गोळ्यांच्या पाच दिवसांच्या कोर्सने ते सहसा ढळत नाही. जुलाब लागले, तर मात्र त्यावाटे निघून जाते. रुग्णालयात शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांचे वेगळे. पिपरॅसिलिनसारख्या पेनिसिलिन गटातील औषधांच्या मोठ्या डोसमुळे लघवीवाटे जास्त पोटॅशियम जाऊ शकते. जेंटामायसिन, अमिकासिनमुळे काहींचे मॅग्नेशियमही घटते आणि ते भरून काढेपर्यंत पोटॅशियम वर येत नाही.

खरी भीती हृदयाच्या ठोक्यांची. पोटॅशियम कमी असताना अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखे औषध ते बिघडवू शकते. बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

मग शहाळ्याचे पाणी प्यावे का? किडनीच्या रुग्णाने तरी आपल्या मनाने नको. शिवाय को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक उलट पोटॅशियम वाढवते. अंदाजापेक्षा ‘सीरम इलेक्ट्रोलाइट्स’ ही साधी रक्ततपासणी बरी. धडधड होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.