संगीत खुर्ची : खेळातली आणि बोलण्यातली

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या परंडा भागात हळदीकुंकू होतं, ८ मार्चला महिला दिन होतो. दोन्हीकडे उखाण्यांच्या जोडीला संगीत खुर्ची असतेच. खेळ लहान पोरांच्या वाढदिवसाचा, पण पदर खोचून धावणाऱ्या आपल्या बायका पाहिल्या की तसं वाटत नाही!

हे नाव इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून आलं. खुर्ची काही गात नाही. जर्मन लोक याच खेळाला ‘जेरुसलेमचा प्रवास’ म्हणतात. जपानी नावाचा अर्थ ‘खुर्ची पटकावण्याचा खेळ’ असा होतो, आणि मला तेच जास्त खरं वाटतं.

खुर्ची म्हणजे सत्ता, हा अर्थ आपल्या बोलण्यात आहेच. खुर्चीची हाव, खुर्चीला चिकटून बसणं, असं आपण म्हणतो. म्हणून खेळाचं नाव राजकारणात सहज शिरलं. २३ नोव्हेंबर २०१९ ला देवेंद्र फडणवीसांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, २६ ला राजीनामा दिला, २८ ला उद्धव ठाकरेंची शपथ झाली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आले, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा फडणवीस. अशा वेळी ‘संगीत खुर्ची चाललीय’ असं लोक म्हणतात.

पण बचत गटाचे अध्यक्ष-सचिव बदलले तरी पारावरून हाच शब्द येतो. तो मला पटत नाही. खेळात पाच जणी असतील तर खुर्च्या चार. दर फेरीला एक बाई बाद, एक खुर्ची कमी. गटात अध्यक्षपद सोडलेली बाई बाद होत नाही. तिची बचत चालू राहते, कर्जाचा हक्क राहतो. ही पाळी झाली. सरपंचपदाचं आरक्षणही असंच नियमानं फिरतं. आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना २०११ पासून आहेत, त्या कुणाच्या हातून हिसकावलेल्या नाहीत.

खेळात आणखी एक माणूस असतो, गाणं बंद करणारा. तो धावत नाही आणि बादही होत नाही. सरपंच बाई, पण शिक्का नवऱ्याच्या खिशात, अशा ठिकाणी खुर्चीवर कोणीही बसलं तरी गाणं त्याच्याच हातात. गटातही कर्ज कुणाला द्यायचं हे मिटिंगच्या आधीच एकीच्या घरी ठरत असेल, तर अध्यक्ष कितीदाही बदला, फरक काय पडणार?

तेव्हा पाळी बदलताना ठराव वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. ठरावाची प्रत बँकेत देऊन खात्यावरच्या सह्या बदलून घ्या. आणि पासबुक, शिक्का नव्या अध्यक्षबाईंच्या हातात त्याच मिटिंगमध्ये, सगळ्यांसमोर द्या.